स्क्रीनवरचा करंट आणि तारेतला करंट

इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला अवघड का? मित्रहो, उत्तर सोपं आहे. त्यात दिसत काहीच नाही! मेकॅनिकलवाल्यांचं बरं असतं. गिअर फिरतो, पिस्टन वरखाली होतो, बोट दाखवून सांगता येतं. सिव्हिलवाल्यांचा तर अख्खा विषयच रस्त्याच्या कडेला पडलेला असतो (आणि पावसाळ्यात रस्त्याच्या मध्यभागी). आपली तांब्याची तार मात्र करंट असताना जशी दिसते तशीच नसतानाही दिसते. फरक कळतो तो एकतर मीटर लावल्यावर, नाहीतर हात लावल्यावर.

आपण निदान ब्रँच निवडून आलो. शाळेतल्या मुलांचं काय? राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘धाराविद्युत’ हा धडा आहे, दहावीत ‘विद्युतधारेचे परिणाम’. धडे चांगले आहेत. पण बहुतेक मुलं ओहमचा नियम पाठ करतात, चिन्हं काढायला शिकतात, आकृतीत बाण काढतात आणि मार्क मिळवतात. तो बाण म्हणजे नक्की काय, हे विचारायची वेळच येत नाही.

यावर उपाय म्हणून दोन गोष्टी शाळांपर्यंत पोचू लागल्या आहेत. एक सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर जोडलेलं सर्किट. दुसरी ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे एआर. यात फोनचा कॅमेरा खऱ्या वस्तूवर धरला की त्या वस्तूच्या अंगावरच काढलेली चित्रं, बाण, आकडे दिसतात. पोकेमॉन गो २०१६ साली आला तेव्हा लोक फोन धरून गल्लीबोळातून हिंडत होते, तोच प्रकार. फक्त पोकेमॉनच्या जागी इलेक्ट्रॉन.

एन.एस.एस.च्या शिबिरात आमचा ग्रुप मुळशी तालुक्यातल्या, पौडच्या पुढच्या एका शाळेत दोन वर्षं इलेक्ट्रॉनिक्सचे तास घेतो आहे. बी.ई. प्रोजेक्टसाठी केलेलं एक छोटंसं एआर अ‍ॅपही आम्ही तिथे वापरलं. मुलं खूश, आम्हीही खूश. मग तिथल्या सरांनी शांतपणे एक प्रश्न विचारला, “सगळं जर टॅबवरच होतंय, तर हे तारा-बल्बचं सामान घ्यायचं कशाला? सामान जळतं, हरवतं. टॅब कुलपात राहतो.” प्रश्न अगदी रास्त होता. शाळेला मिळणारे पैसे मोजकेच, त्यामुळे सर जे ठरवतील त्यावर पुढच्या पाच-सात बॅचेसच्या मुलांच्या हातात काय पडणार हे ठरतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सिम्युलेशनच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू खरोखरच भक्कम आहे.

एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, “दादा, पहिला बल्ब करंट खातो ना? मग दुसऱ्याला उरलेलाच मिळणार.” ही समजूत जगभरच्या मुलांत सापडते आणि खरं सांगायचं तर इंजिनिअरिंगच्या व्हायवातही अधूनमधून डोकं वर काढते. मुळशीत तिचं उत्तर द्यायला मात्र पुस्तक लागत नाही. मुळशी धरण तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. टाटांच्या ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला, तेच हे धरण. त्याचं पाणी बोगद्यातून आणि मोठ्या पाइपांतून सह्याद्रीच्या कड्याखाली भिऱ्याला उतरतं. तिथलं वीजघर १९२७ पासून चालू आहे. टर्बाइन फिरवून झाल्यावर ते पाणी कुंडलिका नदीत जातं. कोलाडला राफ्टिंग चालतं ते त्याच पाण्यावर. आता विचारा, टर्बाइनने पाणी खाल्लं का? नाही. दर सेकंदाला जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर आलं. खर्च झाली ती उंची. बल्बचंही तेच. करंट जेवढा आत तेवढाच बाहेर, खर्च होतं ते व्होल्टेज.

मुलीने मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि पटणं वेगळं, हे लेक्चरला शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांना मी काय सांगावं! तिला खरं पटलं ते स्क्रीनवर. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वाइमन या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने २००२ साली ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात सर्किट जोडण्याचं एक सिम्युलेशन आहे. तारेत निळे ठिपके सरकताना दिसतात, ते इलेक्ट्रॉन. दोन बल्ब एकामागे एक जोडले की पहिल्याच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर ठिपके सारख्याच वेगाने चालतात. बॅटरी शॉर्ट केली तर ती चक्क पेट घेते. मुलांनी ती पाच वेळा पेटवली. सहाव्यांदा मीही पेटवली. फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि एकदा डाउनलोड केली की इंटरनेटशिवाय चालतात. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात रेंज आणि लाइट दोन्हींचा काय भरवसा असतो हे आपल्याला माहीत आहेच, तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

ठिपके पाहून दुसरा एक मुलगा म्हणाला, “बटण दाबल्यावर ठिपका बॅटरीतून निघून बल्बपर्यंत यायला किती वेळ लागतो?” सुंदर प्रश्न! एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर करंट जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला मिलिमीटरच्या सातशतांश भागाइतके सरकतात. एक मीटर जायला जवळजवळ पावणेचार तास. तरी बल्ब लगेच लागतो, कारण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते आणि सगळे एकदम हलतात. मेसच्या लायनीत पुढचा सरकला की मागचे सगळे सरकतात तसं. हे फळ्यावर सांगायला अर्धा तास लागतो, स्क्रीनवर अर्ध्या मिनिटात दिसतं.

हे केवळ आमचं मत नाही. याच सिम्युलेशनवर कोलोरॅडोतल्या नोआ फिंकलस्टाइन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. फिजिक्सच्या पहिल्या कोर्समधल्या काही विद्यार्थ्यांनी लॅबमध्ये खऱ्या तारा-बल्बवर काम केलं, काहींनी फक्त सिम्युलेशनवर. नंतर सगळ्यांना खरं सर्किट जोडून ते समजावून सांगायला लावलं. सिम्युलेशनवाले दोन्हींत सरस निघाले! ज्यांनी खऱ्या तारांना हातही लावला नव्हता ते. कारण उघड आहे. खऱ्या सर्किटमध्ये शिकण्याची गोष्ट एक आणि लक्ष खाणाऱ्या गोष्टी दहा. क्लिप निसटते, सेल उतरलेला असतो, बल्ब ढिला असतो. सिम्युलेशन हा सगळा पाचोळा बाजूला करतं.

मग सरांचं बरोबर, असं वाटेल. थांबा. सिम्युलेशन पाचोळा बाजूला करतं म्हणजे नेमकं काय करतं, ते पाहिल्याशिवाय हा निकाल लावता येत नाही.

सर्किट सिम्युलेटरच्या पोटात वीज नसते, गणित असतं. तो प्रत्येक जोडाला, म्हणजे नोडला, एक समीकरण लिहितो: येणारा करंट बरोबर जाणारा करंट. किर्चहॉफने १८४५ साली सांगितलेलीच गोष्ट. सगळी समीकरणं एकत्र सोडवली की प्रत्येक नोडचं व्होल्टेज मिळतं. सर्किटमध्ये एलईडी किंवा डायोड आला की समीकरण सरळ रेषेचं राहत नाही. मग तो अंदाज करतो, तपासतो, सुधारतो, पुन्हा तपासतो. न्यूमेरिकल मेथड्सच्या पेपरात आपल्याला छळणारा न्यूटन-रॅफसन तो हाच. १९७३ साली बर्कलीला लॉरेन्स नेगेल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी जगापुढे आणलेल्या ‘स्पाइस’पासून आजचे बहुतेक सिम्युलेटर याच वाटेने जातात. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पातलं ‘ई-सिम’ही आतून स्पाइसच्याच वंशातलं आहे, आणि ते फुकट आहे. (पायरेटेड सॉफ्टवेअरच्या सीड्या रूमारूमांतून फिरवणाऱ्या सीनिअर पिढीला हे वाचून वाईट वाटेल. असो.)

म्हणजे सिम्युलेटर आपण त्याला जे सांगितलं त्याचंच उत्तर देतो. तार सांगितली तर तार, अगदी आदर्श. ४७० ओहमचा रेझिस्टर सांगितला तर बरोबर ४७०. नऊ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहम आणि दोन व्होल्टचा लाल एलईडी जोडला तर तो १५ मिलिअँपिअर म्हणेल आणि दर वेळी तेवढंच म्हणेल. खऱ्या रेझिस्टरवर सोनेरी पट्टा असतो, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. खरी बॅटरी तपकीर गल्लीतल्या कुठल्या दुकानात किती महिने पडून होती, ते तिलाच ठाऊक.

याहून मजेदार उदाहरण देतो. हॉस्टेलवर कुणाकडे मल्टिमीटर असेल तर आज रात्रीच करून बघा. एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर सीरिजमध्ये नऊ व्होल्टला जोडा आणि मधल्या जोडाचं व्होल्टेज मोजा. सिम्युलेटर साडेचार सांगेल. ते तर तोंडीही येतं. पण तुमच्या मीटरचा आतला रोध एक मेगाओहम असेल, आणि स्वस्तातल्या पिवळ्या मीटरांचा बऱ्याचदा तेवढाच असतो, तर मीटर ३ व्होल्ट दाखवेल! दहा मेगाओहमचा चांगला मीटर ४.२९ दाखवेल. मीटर बिघडलेला नाही, रेझिस्टर खराब नाहीत. मीटर लावल्याबरोबर तो स्वतःच सर्किटचा भाग झाला आणि खालच्या रेझिस्टरला समांतर जोडला गेला. मोजायला गेलेल्याने मोजायची गोष्टच बदलली. शाळेतला समांतर जोडणीचा नियम वापरून नववीतला मुलगाही हे ३ व्होल्ट काढू शकतो. आमच्या वर्गात एकाने काढले आणि नंतर तासभर तो मीटर सोडायलाच तयार नव्हता. हे सिम्युलेटरवर दाखवता येत नाही असं नाही. मीटरचा रोधही आपणहून जोडला की येतं. पण तो जोडायचा असतो हे मुळात सुचणार कधी? खऱ्या मीटरने एकदा फसवल्यावरच.

आता एआरकडे येऊ. आमची खरी अडचण तिथेच आहे आणि शिकण्यासारखंही तिथेच जास्त आहे.

‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ हा शब्द आला तोच मुळी तारांमधून. विमानात वायरिंगचे जाडजूड जुडगे असतात. ते मोठ्या फळ्यांवर तार तार मांडून बांधावे लागतात. १९९२ साली बोइंगमधल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी लिहिलेल्या निबंधातली कल्पना अशी की कामगाराच्या डोक्यावर एक पारदर्शक पडदा असावा, आणि पुढची तार कुठून कुठे न्यायची ते त्याला फळीवरच आखलेलं दिसावं. पुढे १९९९ साली जपानच्या हिरोकाझू काटो यांनी ‘एआर टूलकिट’ केलं आणि काळ्या चौकटीचा छापील ठसा व साधा कॅमेरा एवढ्यावर काम भागू लागलं. कॅमेरा तो चौकोन ओळखतो. चौकोन तिरपा, लहान, मोठा जसा दिसेल त्यावरून फोन कागदाच्या कोणत्या बाजूला, किती अंतरावर आहे हे काढतो आणि चित्र त्या हिशेबाने तिरपं करून वर ठेवतो. हात हलला तरी चित्र वस्तूला चिकटून राहिल्यासारखं वाटतं.

(आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत छापलेला क्यूआर कोड म्हणजे एआर नव्हे. तो फक्त दुव्याचा पत्ता आहे. पण छापील पानावर फोन धरायची सवय लागली ती त्यानेच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोडची पुस्तकं केली आणि त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, हे सर्वांना माहीत आहेच.)

शाळेसाठी एआरचा उपयोग काय? ब्रेडबोर्डच घ्या. कोणती भोकं आतून जोडलेली आहेत हे बाहेरून कळत नाही. मधल्या भागात पाच-पाच भोकांची एकेक ओळ आतल्या पट्टीने जोडलेली असते. कडेच्या दोन लांब रांगा सप्लायच्या. नवीन मुलाचे पहिले दोन दिवस यातच जातात. फोन धरला आणि त्या आतल्या पट्ट्या बोर्डवर रंगवलेल्या दिसल्या, की काम दहा मिनिटांत होतं. एलईडीचा लांब पाय कुठे जाणार, हेही तसंच. इथपर्यंत एआर नुसता चांगला नाही, फार चांगला आहे.

मग आमच्या अ‍ॅपमध्ये आम्ही करंटचे बाणही घातले. प्रत्येक घटकाखाली एकेक ठसा, फोन ठसे ओळखतो, सर्किट ओळखतो, खऱ्या तारांवरून हिरवे बाण पळू लागतात. डेमोला एकदम हिट! आणि इथे थांबून एक साधा प्रश्न विचारायला हवा. हे बाण फोनला कुणी सांगितले?

कॅमेऱ्याला करंट दिसत नाही. त्याला आपल्याइतकंच दिसतं, म्हणजे तार दिसते. बाण काढले सिम्युलेटरने. फोनने चित्रावरून ठरवलं की इथे बॅटरी आहे, इथे बल्ब आहे, इथे तार आहे. सगळं ठणठणीत आहे असं धरून गणित सोडवलं आणि उत्तर खऱ्या तारेवर नेऊन चिकटवलं. साध्या सिम्युलेशनमध्ये मुलाला निदान माहीत असतं की हे चित्र आहे. एआरमध्ये गणिताचं उत्तर खऱ्या वस्तूच्या अंगावर बसतं आणि मोजल्याचा आव आणतं. शिकवण्याच्या दृष्टीने माझ्या मते ही एआरची सगळ्यात धोकादायक जागा आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात उपयोगाचीही.

म्हणून आम्ही मुद्दाम एक तार तयार केली. वरचं प्लॅस्टिक अखंड, आतला तांब्याचा धागा तोडलेला. चार्जरच्या वायरी वाकवून वाकवून आपण सगळे जी गोष्ट नकळत करतो ती जाणूनबुजून केली, इतकंच. ती तार सर्किटमध्ये घातली. फोनमध्ये हिरवे बाण जोरात पळताहेत, टेबलावरचा बल्ब मात्र बंद.

वर्ग एकदम गप्प. मग गलका. “बल्ब उडाला.” बल्ब बदलला, नाही. “सेल गेला.” सेल तपासला, ठीक. “अ‍ॅप चुकतंय.” हे म्हणायला बराच वेळ लागला, फोन चुकतो असं म्हणणं मुलांना जड जातं (आपल्यालाही). शेवटी ज्या मुलीने बल्ब करंट खातो म्हटलं होतं, तिनेच मीटर कंटिन्यूइटीवर ठेवून एकेक तार तपासली. बीप, बीप, बीप, आणि चौथ्या तारेला काहीच नाही. तिने ती तार कापायला मागितली. कापली, सोलली, आतला तुटका धागा सगळ्यांना दाखवला.

सरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. सिम्युलेशन सांगतं काय व्हायला हवं. मीटर सांगतो काय होतंय. दोन्ही जुळतात तेव्हा नियम पटतो, आणि जुळत नाहीत तेव्हा दोष सापडतो. दोष शोधणं ही इलेक्ट्रॉनिक्सची निम्मी विद्या आहे. टॅब कुलपातून काढून सामान कुलपात घातलं तर ही निम्मी विद्या शाळेतून जाते. आणि ती मुलं पुढे कुठे जातात? काही आपल्यासारखी इंजिनिअरिंगला येतील, पण बरीचशी आयटीआय करून पिरंगुटच्या कारखान्यांत, मोबाइल किंवा पंप दुरुस्तीच्या दुकानांत जातील. तिथे गिऱ्हाईक आणून देतं ते बंद पडलेलंच यंत्र.

सगळीकडे हे उलटंच चाललं आहे असं मात्र म्हणवत नाही. आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने करत शिकण्याच्या कल्पनेवरच. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय शाळांत गेला. त्यात मुलं खरं वायरिंग करतात. २००२ साली तिथे फॅब लॅब आली, एमआयटीच्या बाहेरच्या सगळ्यात पहिल्यांपैकी एक. केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ ची. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला वीस लाखांपर्यंत मदत. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या आहेत. दुसऱ्या बाजूला सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठ यांच्या ‘ओलॅब्ज’वर शाळेचे प्रयोग स्क्रीनवर करता येतात, आणि कॉलेजसाठीच्या व्हर्च्युअल लॅब्जच्या प्रकल्पात आपल्या शेजारचं सीओईपीही आहे. दोन्ही प्रकारची साधनं आहेत. एकाच टेबलावर ती क्वचित येतात, एवढंच.

टेबलावर ती आणायला आम्ही जे करतो ते अगदी साधं आहे. वहीत तीन रकाने आखायचे: माझा अंदाज, सिम्युलेशन, मीटर. पहिला रकाना पेनने भरल्याशिवाय टॅबला हात लावायचा नाही. दुसरा भरल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक आला तर तो खोडायचा नाही, त्याखाली कारण लिहायचं. (जर्नलमध्ये रीडिंग ‘अ‍ॅडजस्ट’ करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) मेन्सच्या २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही, ती स्क्रीनवरच बघायची, सेलवरची कामं मात्र सगळी हातानेच. अ‍ॅपमध्येही एक बदल केला. सिम्युलेटरने काढलेले बाण आता तुटक रेघांचे असतात. मुलाने मीटरवर वाचलेला आकडा स्वतः टाइप केला आणि तो गणिताशी दहा टक्क्यांत जुळला, तरच तेवढा बाण अखंड होतो.

सरांनी यंदाच्या यादीत टॅबच्या बरोबरीने मीटरही लिहिले आहेत. शिबिराआधी एका शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन सामान आणायचं आहे. सेकंड इयरच्या ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं द्या, आणि आतून तुटलेल्या चार्जरच्या वायरी कृपया फेकू नका. आमच्या रूमवर आणून द्या.